घर बदललं, इंटरनेट कंपनीही बदलली. मग जुना राउटर का चालत नाही?

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं आणि इंटरनेट कंपनीचं बारा. भाडेकरार संपतो, नवा फ्लॅट मिळतो, टेम्पो ठरतो, सामान लागतं. मग कळतं की जुन्या कंपनीची तार या सोसायटीत आलेलीच नाही. दुसरी कंपनी घ्यावी लागते. जुन्या घरात तीन वर्षं कुरकुर न करता चाललेला राउटर इथे लावला, की वाय-फायचं नाव दिसतं, फोन जोडला जातो, पण इंटरनेट काही येत नाही.

मग ढकलाढकली सुरू होते. कस्टमर केअर म्हणतं, तुमचा राउटर खराब असेल. कनेक्शन द्यायला आलेला मुलगा म्हणतो, आमचाच डबा लावावा लागेल. चांगला राउटर माळ्यावर जातो.

बहुतेक वेळा राउटर ठणठणीत असतो. त्याच्या पोटात अजून जुन्या कंपनीची माहिती भरलेली असते, एवढंच. आणि याची उलट बाजू जास्त त्रासाची आहे. नव्या डब्यावर इंटरनेट सुरू झालं, स्पीड टेस्टचा आकडा चांगला आला, की आपण विषय संपला असं धरतो. खरा घोळ आठवड्याभराने कळतो. दुकानातला कॅमेरा मोबाईलवर दिसत नाही, ऑफिसचं सॉफ्टवेअर घरून उघडत नाही, प्रिंटर गायब. इंटरनेट तर चालू आहे, मग हे का बंद पडलं?

एका डब्यात तीन कामं

भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या डब्याला आपण सरसकट राउटर म्हणतो. फायबरच्या जोडणीत त्या एका डब्यात तीन वेगळी कामं चालतात. काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणं हे पहिलं. ते करणाऱ्या भागाला ओएनटी म्हणतात. घरातली उपकरणं आणि बाहेरचं इंटरनेट यांची ये-जा सांभाळणं हे दुसरं. हा खरा राउटर, ज्याला गेटवे असंही म्हणतात. गावाला जशी वेस, तसा घरातल्या नेटवर्कला गेटवे. आत-बाहेर जाणारं सगळं इथूनच जातं. तिसरं काम वाय-फायचं.

घर बदलताना या तिघांचं नशीब वेगवेगळं असतं. वाय-फायला कंपनीशी काही देणंघेणं नाही, ते कुठेही चालतं. राउटर नव्या कंपनीबरोबर चालतो, पण त्याची सेटिंग बदलावी लागतात. एका कंपनीचा ओएनटी मात्र दुसऱ्या कंपनीच्या तारेवर जवळजवळ कधीच चालत नाही.

त्याचं कारण फायबरच्या रचनेत आहे. कंपनीच्या केंद्रापासून प्रत्येक घराला स्वतंत्र तार आलेली नसते. केंद्रातल्या ओएलटी नावाच्या यंत्राच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरने विभागून साधारण ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो. म्हणजे शेजाऱ्याचा डेटा तुमच्या डब्यापर्यंतही पोहोचतो. तो कूटबद्ध असतो आणि तुमचा ओएनटी आपल्या वाट्याचा तेवढाच उचलतो. उलट दिशेने पाठवताना प्रत्येक ओएनटीला पाळी ठरवून दिलेली असते. एखादा डबा पाळी सोडून बोलू लागला, तर त्या तारेवरच्या सगळ्यांचंच इंटरनेट बिघडू शकतं. म्हणून ओएलटी फक्त नोंद झालेल्या ओएनटीलाच थारा देतं. ही नोंद सहसा डब्याच्या सीरियल नंबरवरून होते आणि ती कंपनीच करू शकते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशच पोहोचत नाहीये. तार वाकली असेल, तुटली असेल किंवा खाली जोडलेलीच नसेल. अशा वेळी राउटरची सेटिंग उघडून बसण्यात काही अर्थ नाही, तारवाल्यालाच बोलवा.

मोबाईल नंबर पोर्ट होतो, मग हे का नाही?

२० जानेवारी २०११ पासून देशभरात मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यामुळे पत्ता आपला, कंपनी बदलती, ही सवय आपल्याला लागली आहे. इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, तसा नसतो. हे पत्ते गठ्ठ्याने कंपन्यांना मिळतात आणि जगभरातले राउटर ते त्या कंपनीच्या नावाने ओळखतात. आपण फक्त भाडेकरू. कंपनी सोडली की पत्ता तिच्याकडे राहतो.

वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. 'स्टॅटिक' म्हणजे तो त्या कंपनीकडे असेपर्यंत न बदलणारा. आता असा पत्ता बऱ्याच ठिकाणी ओळखपत्रासारखा वापरला जातो. ऑफिसचा सर्व्हर ठरावीक पत्त्यावरूनच आत येऊ देतो. बँकेची काही व्यावसायिक सेवा नोंदवलेल्या पत्त्यावरूनच चालते. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात एपीआयमार्फत अल्गो ट्रेडिंग करणाऱ्यांसाठी ब्रोकरकडे स्टॅटिक आयपी नोंदवण्याची व्यवस्था आणली. अशा माणसाने शनिवारी घर बदललं आणि नवा पत्ता कळवला नाही, तर सोमवारी बाजार उघडल्यावर त्याच्या ऑर्डर नाकारल्या जाणार, इंटरनेटचा वेग कितीही असो.

यावरचा उपाय तांत्रिक नाही, वेळापत्रकाचा आहे. आधी नवं कनेक्शन घ्या, नवा स्टॅटिक आयपी जिथे जिथे लागतो तिथे नोंदवा, एक-दोन दिवस चालवून बघा आणि मगच जुनं बंद करा. आठवड्याभराचं दुहेरी भाडं जातं, पण ते बुडालेल्या कामापेक्षा स्वस्त पडतं.

जुन्या राउटरला नव्याने काय सांगायचं?

नवी कंपनी ग्राहकाला आत कशी घेते, हे आधी कळायला हवं. दोन पद्धती सर्रास दिसतात. डीएचसीपीमध्ये राउटर पत्ता मागतो आणि समोरून मिळतो. युजरनेम-पासवर्ड लागत नाही. पीपीपीओईमध्ये आधी लॉगिन करावं लागतं. ही पद्धत १९९९ सालची, डायल-अपच्या वळणाची. पण ग्राहकागणिक हिशोब ठेवायला आणि बिल थकलं की जोडणी रोखायला सोयीची, म्हणून टिकून आहे. आपल्याकडच्या अनेक स्थानिक केबलवाल्यांकडे हीच चालते. जुन्या राउटरमध्ये जुन्या कंपनीचं लॉगिन भरलेलं असतं. नव्या घरी तो तेच पुन्हा पुन्हा सांगत बसतो आणि समोर त्याला कुणी ओळखत नाही.

हे बदलायला फोन किंवा लॅपटॉप राउटरच्या वाय-फायला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ उघडा (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे). नेमका पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो. आत 'वॅन' किंवा 'इंटरनेट' नावाच्या भागात जोडणीचा प्रकार आणि लॉगिन बदलता येतं. ॲडमिन पासवर्ड आठवत नसेल, तर मागच्या बारीक भोकात पिन दाबून राउटर मूळ स्थितीला आणावा लागतो. पण त्याने सगळंच पुसलं जातं. म्हणून जमत असेल तर आधी प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा. फोटो जुन्या घरी असतानाच काढलेले बरे.

लॉगिन बरोबर असूनही जोडणी झाली नाही, तर संशय दोन गोष्टींवर घ्यायचा. एक व्हीलॅन क्रमांक. काही कंपन्या एकाच तारेवर इंटरनेट, फोन आणि टीव्ही वेगळे ठेवण्यासाठी त्यांना क्रमांक देतात. तुमच्या राउटरला इंटरनेटचा क्रमांक माहीत नसेल तर तो चुकीच्या खिडकीपुढे रांग लावून उभा राहतो. दुसरी गोष्ट मॅक ॲड्रेस. इंजिनिअरने पहिल्या दिवशी स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या डब्यावर जोडणी तपासली, तर काही ठिकाणी यंत्रणा तेच उपकरण लक्षात ठेवते आणि दुसऱ्याला नकार देते. केबलवाल्याला फोन करून 'मॅक रिसेट करा' म्हटलं की दोन मिनिटांत काम होतं. हे दोन शब्द माहीत नसल्याने लोक नवे राउटर विकत घेतात.

जोडणी झाली, पण काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यात अडकतात, असंही होतं. राउटरमध्ये जुन्या कंपनीचे डीएनएस पत्ते हाताने भरलेले असतील, तर ते काढून 'ऑटो' करा. काही कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर बाहेरच्यांना उत्तरच देत नाहीत. पीपीपीओई असेल तर एमटीयूचा आकडा १४९२ किंवा त्याहून कमी हवा. नेहमीचा १५०० असतो, त्यातले ८ बाइट लॉगिनच्या वेष्टनात जातात. हा आकडा चुकला की व्हॉट्सॲप चालतं आणि बँकेचं पान लटकतं, म्हणून दोष बँकेला मिळतो.

सगळं चालतंय, पण कॅमेरा दिसत नाही

घर बदललेल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

घरी फोन असणं ही चैन होती तेव्हा शेजारच्यांचा नंबर आपल्या व्हिजिटिंग कार्डावर छापायची पद्धत होती. पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचं. त्या फोनवरून बाहेर फोन लावणं सोपं होतं. बाहेरून आलेला फोन मात्र शेजाऱ्याने उचलून, नाव विचारून, हाक मारली तरच आपल्यापर्यंत पोहोचायचा. आज बहुतेक घरांचं इंटरनेट असंच पीपी नंबरवर चालतं.

कारण पत्ते संपले. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि आशिया-प्रशांत विभागात त्याच वर्षी एप्रिलपासून रेशनिंग सुरू झालं. भारतात घरगुती फायबर वाढलं ते त्यानंतर. मग कंपन्यांनी एका खऱ्या पत्त्यामागे बरेच ग्राहक बसवायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही व्हिडिओ बघता, मेल पाठवता, तेव्हा सुरुवात तुमच्याकडून होते, म्हणून काही जाणवत नाही. पण दुकानातला कॅमेरा घरून बघायचा, तर फोन बाहेरून लावायचा असतो. तो कंपनीच्या दारापर्यंत येतो आणि कुणाला हाक मारायची हेच तिथे कळत नाही.

जुन्या कंपनीने कदाचित तुम्हाला खरा पत्ता दिला असेल. अनेक वर्षांपूर्वी घेतलेल्या जोडण्यांमध्ये तो बऱ्याचदा असायचा. नवी कंपनी तो न विचारता देईल असं नाही. ओळखायची रीत सोपी आहे. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा आणि मग तुमचा आयपी दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्हीकडे आकडा सारखा असेल तर पत्ता खरा. राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी बहुधा तेच, किंवा तुमचा राउटर कंपनीच्या दुसऱ्या राउटरमागे बसला आहे. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' कितीही नीट भरलं तरी अशा जोडणीवर काहीही होणार नाही. दुरुस्तीवाल्याचे दोन तास याच ठिकाणी वाया जातात.

पर्याय काय? जादा पैसे देऊन पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागणं हा सरळ मार्ग. दुसरा आयपीव्ही६, ज्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही. नवी तारेवरची घरगुती जोडणी २०२२ नंतर आयपीव्ही६ साठी सक्षम हवी, असं दूरसंचार विभागाने २०२१ मध्ये ठरवून दिलं होतं. पण तुमच्या राउटरमध्ये ते बंद असू शकतं आणि पाच-सात वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला ती भाषाच येत नसेल. तिसरा मार्ग कॅमेरा कंपनीच्या ॲपचा. त्यात डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून ठेवतो आणि तुम्ही त्या सर्व्हरमार्फत आत जाता. सोय आहे, पण तुमच्या घराकडे जाणारी वाट मग तिसऱ्याच्या अंगणातून जाते. दुकानाच्या गल्ल्यावरच्या कॅमेऱ्यासाठी ठीक. घराच्या आतल्या कॅमेऱ्यासाठी मला ते पटत नाही. तिथे स्वतःचा व्हीपीएन लावणं चांगलं. सीजीनॅट असेल तर घरातून बाहेरच्या दिशेने जोडणी करणारा व्हीपीएन निवडावा लागतो.

आणि एक कटू गोष्ट. पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर ठेवायची जुनी पद्धत बंद पडली, हे काही वाईट झालं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या, त्या हल्ल्यात वापरलेली फौज अशाच कॅमेऱ्यांची, डीव्हीआरची आणि राउटरची होती. त्यांचे मूळ पासवर्ड कुणी बदललेच नव्हते.

प्रिंटर कुठे गेला?

घराच्या आत प्रत्येक उपकरणाला राउटर एक खासगी पत्ता देतो. जुना राउटर १९२.१६८.०.१ वर बसून सगळ्यांना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते देत होता, नवा १९२.१६८.१ चे देतो. फोन आणि लॅपटॉप आपोआप जुळवून घेतात. प्रिंटर, डीव्हीआर, बिलिंगचा कॉम्प्युटर यांना मात्र बऱ्याचदा कुणीतरी हाताने पक्का पत्ता दिलेला असतो. ते जुन्या वस्तीतच राहतात. सगळ्यांचे पत्ते बदलत बसण्यापेक्षा नव्या राउटरचा घरातला पत्ताच जुन्यासारखा करा. एक आकडा बदलला की सगळे घरी परत येतात.

कंपनीच्या डब्यामागे आपला राउटर लावला आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला, तर दोन घरांना एकच पाटी लावल्यासारखं होतं आणि काहीच चालत नाही. एकाचा पत्ता बदला किंवा कंपनीच्या डब्याला 'ब्रिज मोड'मध्ये टाकायला सांगा. ब्रिज मोडमध्ये तो फक्त ओएनटीचं काम करतो आणि वेशीवरचा कारभार तुमच्या राउटरकडे येतो. फायबरवरचा लँडलाइन फोनही त्याच डब्यातून घेतला असेल, तर तो चालू राहील ना, हे आधी विचारा.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मात्र जुनेच ठेवलेत, तर टीव्ही, स्मार्ट बल्ब, कॅमेरे न सांगता जोडले जातात. त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये गेला असाल तर पासवर्ड बदललेला बरा. जुने शेजारी अजून रेंजमध्ये असतील.

जुना डबा परत देताना

कंपनीचा माणूस डबा न्यायला येतो तेव्हा त्यात तुमचं लॉगिन आणि वाय-फायचा पासवर्ड असतो. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल, तर तोही त्याच्याबरोबर जातो. पिन दाबून डबा पुसूनच द्या आणि डिपॉझिट भरलं असेल तर सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या.

नव्या डब्याचंही तेच. इंजिनिअर घाईत वाय-फायचा पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाईल नंबर टाकून जातो. तो नंबर बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांकडे असतो. ॲडमिन पासवर्ड तर 'ॲडमिन'च राहतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा मूळ पासवर्ड न बदललेले मोडेमच सापडले होते आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं.

वेशीची किल्ली कुणाकडे?

कंपनीने दिलेला डबा बहुधा कंपनीला दुरूनही उघडता येतो. त्यासाठी टीआर-०६९ नावाची ठरलेली पद्धत आहे. तक्रार केल्यावर घरी न येता दुरुस्ती होते ती यामुळेच. पण त्याच वाटेने तुम्ही केलेली सेटिंग पुसलीही जाऊ शकतात आणि डब्याच्या पूर्ण अधिकाराचा पासवर्ड ग्राहकाला सहसा मिळत नाही.

जर्मनीत हा वाद कायद्याने मिटवला गेला. तिथे १ ऑगस्ट २०१६ पासून घरात कोणता राउटर लावायचा ते ग्राहक ठरवतो आणि जोडणीसाठी लागणारी लॉगिनची माहिती कंपनीला न मागता द्यावी लागते. कंपन्यांचं म्हणणं होतं की परक्या डब्याने नेटवर्क बिघडेल. फायबरच्या पाळीपद्धतीमुळे ते ओएनटीपुरतं थोडं खरं आहे, ओएनटीमागच्या राउटरला ते लागू होत नाही.

आपल्याकडे लक्ष अजून तार इमारतीपर्यंत येते की नाही याकडे आहे. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी मानांकन देण्याचे नियम आणले. सोसायटीत एकाहून जास्त कंपन्या आल्या तर घर बदलताना निदान निवड राहील. घरातल्या डब्याचं काय, हे मात्र अजून कनेक्शन देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. एकाच शहरात एका भागातला केबलवाला ब्रिज मोड फोनवर करून देतो, दुसऱ्या भागातला असं काही नसतंच म्हणतो. म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी तीन प्रश्न व्हॉट्सॲपवर लेखी विचारून ठेवा: ब्रिज मोड मिळेल का, पब्लिक आयपीचे किती, आणि अकराव्या महिन्यात घर सोडलं तर उरलेल्या महिन्याचं काय.